‘प्रशिक्षण : नाही’ – सातपूरच्या एका घराचा फॉर्म दोनदा भरताना

घरोघरच्या शिक्षण-प्रशिक्षण पाहणीतला तो फॉर्म जरा जास्तच स्वच्छ होता, म्हणून मी तो उघडला. सहा माणसांचं कुटुंब, एकही रकाना रिकामा नाही, शेरा कुठेच नाही, आणि टॅबवरच्या वेळेनुसार पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत चौदा मिनिटं. आमच्या प्रश्नावलीला एवढ्या घरात पाऊण तास सहज लागतो. चहा आला तर तास.

शिक्षणाच्या पानावर लिहिलं होतं ते असं. कुटुंबप्रमुख, वय ५८, सातवी. पत्नी, ५२, चौथी. मोठा मुलगा, ३१, ‘पदविका/प्रमाणपत्र’. सून, २७, बारावी. धाकटा मुलगा, २२, बारावी, सध्या शिक्षण चालू नाही. नात, ७, दुसरी, महापालिकेची शाळा, शिकवणी नाही. पुढचा रकाना : ‘कोणतेही व्यावसायिक प्रशिक्षण घेतले आहे का?’ पाच मोठ्या माणसांपैकी चौघांसमोर ‘नाही’. एकट्या धाकट्यासमोर ‘होय’.

पुढे कळलं की त्या घरात सगळ्यात कमी कोणी काही शिकलं असेल, तर ते या ‘होय’वाल्या प्रशिक्षणातच.

पाहणी लहानशी होती. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या वस्त्यांमध्ये एका संस्थेला अल्पमुदतीचे वर्ग सुरू करायचे होते. कोणते करायचे हे ठरवण्याआधी घरोघर जाऊन विचारा, असं ठरलं : कोण किती शिकलंय, कोण शिकतंय, कोणाला कसलं प्रशिक्षण मिळालंय, काय शिकायची इच्छा आहे. फॉर्म भरणारी मुलं समाजकार्याच्या अभ्यासक्रमाची. भरलेल्या फॉर्मांपैकी काही निवडून पुन्हा त्या घरी जायचं, ही फेरतपासणी माझ्याकडे. गल्ली सांगत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून घराचे दोन-चार तपशील बदललेत.

फॉर्म भरणाऱ्या पोराला मी आधी विचारलं, घाई झाली का? तो म्हणाला, “नाही मॅडम, काका एकटेच होते आणि पटापट सांगत होते.” खोटं काहीच नव्हतं त्यात. सकाळचे अकरा, डिसेंबरचा पहिला आठवडा. नियम असा की घरातल्या कोणाही जाणत्या माणसाने सगळ्यांच्या वतीने उत्तरं दिली तरी चालतात. काका जाणते होते. त्यांनी सगळ्यांच्या वतीने उत्तरं दिली. पोराने प्रश्न जसा लिहिला होता तसा वाचला, काकांनी जसं समजलं तसं सांगितलं, दोघांनी आपापलं काम चोख केलं आणि फॉर्म चुकला.

मी गेले संध्याकाळी साडेसातला. काकू आत्ताच आल्या होत्या, हातपाय धूत होत्या. दारातूनच पहिला प्रश्न त्यांनी मला टाकला, “लाडक्या बहिणीचं आहे का काही?” त्या दिवसांत ई-केवायसीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलेली होती आणि टॅब घेतलेली कुठलीही बाई म्हणजे यादीतून नाव काढायला आलेली, असं सगळ्या वस्तीचं मत होतं. ते चुकीचं तरी कसं म्हणू? त्याच वर्षाच्या सुरुवातीला घरापुढे चारचाकी आहे का हे पाहायला अंगणवाडीच्या ताई फिरल्या होत्या. त्याआधी, २०२४च्या जानेवारीत, राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक शंभरावर प्रश्न घेऊन दारोदार गेले होते. लोकांच्या लेखी सर्व्हे म्हणजे काहीतरी मिळणार किंवा काहीतरी जाणार. नुसतं ‘माहितीसाठी’ कोणी येतं यावर त्यांचा विश्वास नाही, आणि का असावा?

म्हणून उत्पन्नाचं पान मी उघडलंच नाही. टॅब पिशवीत ठेवला, वही काढली. हा माझा जुना अनुभव आहे : टॅबवर बोट फिरायला लागलं की समोरचा माणूस उत्तर आखूड करतो, वहीत पेन चालू लागलं की तो थांबून थांबून सांगतो. कारण विचाराल तर मला नीट सांगता येणार नाही.

काकांना म्हटलं, त्या दिवशी आमचा मुलगा येऊन गेला, त्याच्याकडून थोडं राहिलं. प्रशिक्षणाचं नाव काढलं नाही. विचारलं, “काका, तुम्ही सध्या कुठे असता कामाला?”

“इथंच, वसाहतीत. जॉबवर्कचा छोटा गाळा आहे एकाचा. लेथ चालवतो.”

“लेथ कधीपासून?”

“ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास आलो मी चांदवडकडून. हेल्पर होतो.”

“मग मशिनवर कोणी घेतलं? कोणाच्या हाताखाली शिकलात?”

इथे काका सरसावून बसले. एक मिस्त्री होता, त्याचं नाव त्यांनी अदबीने घेतलं. पहिले सहा महिने मशिनखालचा लोखंडाचा चुरा झाडायचा, तेल घालायचं, हत्यारं पुसून जागेवर लावायची. मग टूल घासायला शिकवलं. लेथचं टूल ग्राइंडरवर घासून धारेला आणायचं, कोन चुकला की ते कापत नाही, रेटतं. काम तापतं, मापात बसत नाही. “वर्ष गेलं त्यात. चुकलं की मिस्त्री टूल उचलून कचऱ्यात टाकायचा. मारायचा नाही, पण ते फेकणं माराहून वाईट.” मग व्हर्निअर, मग मायक्रोमीटर, मग आटे पाडणं. स्वतःच्या जबाबदारीवर पहिला जॉब दिला तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं.

तीन वर्षं! आयटीआयचा फिटर दोन वर्षांत बाहेर पडतो.

“काका, मग त्या दिवशी प्रशिक्षण नाही असं का सांगितलंत?”

“आता ते काय प्रशिक्षण झालं का मॅडम? आम्ही अडाणी माणसं. काम केलं, काम आलं.”

काम आलं. मराठीत किती सहज बोलतो आपण हे. पोहायला येतं, गाडी येते, लेथ येतं. जणू ते आपणहून चालत आलं. मधली तीन वर्षं त्या क्रियापदात दिसतच नाहीत. आणि ‘शिकलेला’ हा शब्द आपण शाळेसाठी राखून ठेवलाय. ‘शिकलेला माणूस आहे’ म्हटलं की कोणाच्या डोळ्यांपुढे टर्नर उभा राहत नाही.

‘प्रशिक्षण’ या शब्दाचं तर विचारूच नका. वस्तीत त्याचे मला तीन अर्थ सापडले. एक, निवडणुकीच्या कामाआधी शिक्षकांना बोलावतात ते. दोन, बचत गटाच्या बायकांना एक दिवस हॉलमध्ये बसवून चहा-बिस्किटं, फलकासमोर फोटो आणि प्रमाणपत्र देतात ते. आणि तीन, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. २०२४ साली आलेल्या या योजनेत बारावी झालेल्याला महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन होतं. धाकट्याने एका कार्यालयात त्यातून काही महिने काढले होते. योजनेच्या नावातच प्रशिक्षण, म्हणून काकांनी बिनदिक्कत ‘होय’ सांगितलं.

धाकटा तेवढ्यात आला. त्याला विचारलं, काय शिकलास तिथे? तो हसला. “फायली कुठल्या कपाटात असतात ते.” कार्यालयाचं नाव मी लिहून घेतलं नाही, लिहिणारही नाही. दुसरीकडे काही मुलांना खरंच कामाला लावलं असेल, नव्हे, अशा दोघींशी मी नंतर बोललेही. पण या घराच्या फॉर्मवर एकुलता एक ‘होय’ कशावर उभा होता, ते आता स्पष्ट झालं.

त्याच्याच ओळीत दुसरी चूक निघाली. ‘सध्या शिक्षण चालू नाही.’ तो मुक्त विद्यापीठात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. दिवसा पार्सल पोचवायचा, पुस्तकं घरी. काकांच्या हिशेबी शिक्षण चालू असणं म्हणजे सकाळी दप्तर घेऊन निघणं. पोरगा तर गाडी घेऊन निघतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं ते नेमकं अशांसाठी, आणि त्याचं मुख्यालय या वस्तीपासून काही किलोमीटरवर, गंगापूर धरणाच्या बाजूला आहे. त्याच नाशकात त्याचा विद्यार्थी आमच्या फॉर्मवर ‘शिक्षण सोडलेला’ म्हणून पडला होता. यात दोष काकांचा नाही. ‘सध्या शाळा-महाविद्यालयात जाता का?’ असा आमचा प्रश्न होता. तो जात नव्हता.

मोठा मुलगा दुसऱ्या पाळीला गेला होता. त्याच्याशी फोनवर बोलले. दहावीनंतर सातपूरच्या आयटीआयमध्ये फिटर, मग एक वर्ष अप्रेंटिस, मग अंबडला कंत्राटावर. म्हणजे औपचारिक म्हणावं असं प्रशिक्षण घरात खणखणीत होतं. मग फॉर्मवर का नाही? कारण काकांनी शिक्षण विचारल्यावर “आयटीआय झालंय” म्हटलं, आमच्या पोराने ते ‘कमाल शिक्षण’ या यादीतल्या ‘पदविका/प्रमाणपत्र’ या पर्यायात टाकलं, आणि पुढे प्रशिक्षणाचा रकाना आला तेव्हा दोघांनाही वाटलं की ते तर सांगून झालं. एकाच गोष्टीला दोन रकाने असले की ती दोन्हीकडे पडते किंवा कुठेच पडत नाही. इथे सामान्य शिक्षणाखाली ‘दहावी’ आणि प्रशिक्षणाखाली ‘आयटीआय, फिटर, दोन वर्षं’ असं हवं होतं. तपासताना हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. फॉर्म टॅबवर चढवण्याआधी मीच वाचला होता.

आता सून. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. समोर लाकडी फ्रेमवर ताणलेलं कापड आणि हातात आरीची सुई. ब्लाउजच्या बाहीवर मोर अर्धा झाला होता. काका म्हणाले होते, “ती घरीच असते.” असतेच. त्या लग्नसराईत तिच्याकडे आलेले ब्लाउज मी मोजले नाहीत, पण खुंटीवर टांगलेल्या पिशव्यांवर गिऱ्हाइकांच्या नावांच्या चिठ्ठ्या होत्या, आणि आरी वर्कच्या एका ब्लाउजचे दीड हजारांपासून पुढे ती घेते.

“हे कुठे शिकलीस?”

“मोबाइलवर बघून. ब्लाउज कटिंग मात्र क्लासला शिकले होते, सिन्नरला. माहेरी.”

“आणखी काही केलं होतंस माहेरी?”

तिने सासऱ्यांकडे पाहिलं, मग म्हणाली, “एमएससीआयटी झालंय माझं. टायपिंगची पहिली परीक्षा पण दिली होती.”

काका खरोखर चकित झाले. “आम्हाला नव्हतं हे माहीत.” लग्नाला आठ वर्षं झाली होती. यात कोणी काही लपवलेलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, एवढंच. या एका घरावरून मी पुढे सगळ्या पोरांना जे एक वाक्य फळ्यावर लिहून दिलं ते हे : सुनेचं शिक्षण सासऱ्याला विचारू नका. लग्न होऊन आलेल्या बाईची बारावी सासरच्या फॉर्मवर येते, कारण ती लग्न जमवताना सांगितलेली असते. तिने माहेरी केलेला तीन महिन्यांचा कोर्स येत नाही. जाणता माणूस उत्तर देईल हा नियम घरखर्चासाठी ठीक असेल, पण दुसऱ्याने काय शिकलंय ते जाणता माणूसच पुष्कळदा जाणत नाही.

नातीची शिकवणीही अशीच निघाली. “शिकवणी नाही हो, ती शेजारच्या ताईकडे बसते संध्याकाळी.” ताईला महिन्याला पैसे द्यावे लागतात, सून देते. पण पाटी लावलेला क्लास नाही म्हणून ती शिकवणी नाही. २०२५च्या एप्रिल ते जूनमध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीने शिक्षणावर खास पाहणी केली, देशभरातली ५२ हजारांवर घरं घेतली. त्यात साधारण २७ टक्के विद्यार्थी शिकवणी लावतात असं आलं. तिथले अन्वेषक आमच्यापेक्षा मुरलेले असतात, ओट्यावरची ताई त्यांनी धरली असेलही. आमच्या हातून निसटली होती.

काकूंचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण खरी गोष्ट तिथे आहे. काका म्हणाले होते, “ती मजुरीला जाते, बागेत.” फॉर्मवर : शेतमजूर, प्रशिक्षण नाही.

डिसेंबर म्हणजे द्राक्षबागांत मण्यांच्या विरळणीचे दिवस. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी झाली की पुढे घड सुटतात, फुलोरा होतो, मणी धरतात. मग घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढून टाकायचे, म्हणजे उरलेले फुगायला जागा मिळते. मग घड औषधाच्या द्रावणात बुडवायचे, त्याला सगळे डिपिंगच म्हणतात. काकू पहाटे डबा करून सातच्या पिकअपने जातात, कधी गिरणाऱ्याकडे, कधी मखमलाबादला, कधी दिंडोरीच्या बाजूला. म्हणूनच तर सकाळी अकराला त्या घरी नव्हत्या. ज्या महिन्यात त्यांना सगळ्यात जास्त काम असतं त्याच महिन्यात आम्ही भर दुपारच्या आत सर्व्हे करत फिरत होतो. नाशिकमध्ये राहून हे सुचू नये, याची लाज वाटली.

ही चूक नवी नाही, आमच्यापेक्षा मोठ्यांनी केलेली आहे. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवसात शाळाबाह्य मुलं मोजली होती, मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावून. शाळेत नसलेलं मूल त्या दिवशी घरी सापडेल हे गृहीत धरलं की काय होतं, यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. उलट २००५ पासून चालणारी, ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची ‘असर’ ही पाहणी सुट्टीच्या दिवशी घरी जाते आणि मुलाला वाचता येतं का असं आईबापांना विचारत बसत नाही; मुलापुढे दुसरीच्या पातळीचा उतारा धरते आणि वाच म्हणते. मला ही रीत आवडते. काकूंना प्रशिक्षण मिळालं का हे विचारण्यापेक्षा त्यांना घड धरायला सांगावा.

घड नव्हता, पण हात होते. त्यांनी हवेतच दाखवलं : घड डाव्या तळव्यावर घ्यायचा, पिळायचा नाही, शेंड्याकडून सुरुवात नाही, वरून, आतले मणी आधी, बाहेरचे नंतर, कात्रीचं टोक दुसऱ्या मण्याला लागलं की तो डागी होतो आणि डागी मणी निर्यातीच्या घडात चालत नाही. नव्या बाईला पहिला हंगाम त्या कात्री देत नाहीत, आधी पाणी आणि खोकी. मग कडेच्या ओळीतलं एक झाड देतात. काकूंच्या टोळीत बारा-तेरा बायका असतात आणि त्यांना कामाला लावणं, हाताला वळण लावणं हे काकूंकडे.

“म्हणजे तुम्ही शिकवता त्यांना.”

“शिकवणं कसलं ताई, बघत बघत येतं ते.”

पुन्हा येतं! पण मग त्यांनी स्वतःहून जे सांगितलं त्याने मी वही खाली ठेवली. टोळी काम उक्तं घेते, एकराच्या भावाने. काकू म्हणाल्या, एकर शेतकरी सांगतो, आम्ही झाडं मोजतो. “नऊ बाय पाच लावलेली बाग असली तर एकराला हजाराला थोडी कमी येतात. बाराशे निघाली की सांगायचं, दादा, हा एकर नाही, सव्वा एकर आहे.”

मी मोबाइलवर करून पाहिलं. एकराचे चौरस फूट ४३,५६०. नवाला पाचाने गुणलं तर ४५. भागाकार ९६८. बाराशे झाडं म्हणजे जवळजवळ सव्वा एकर! चौथी शिकलेल्या बाईने हा आकडा बागा पायाखाली घालून काढला होता, आणि आमच्या फॉर्मवर ती अकुशल होती.

“पण आठ बाय चार असली की गडबड होते,” त्या म्हणाल्या. “तिथं किती यायला पाहिजेत ते कळत नाही. शेतकरी म्हणेल ते.”

आठ चोक बत्तीस, १,३६१. मी आकडा सांगितला. काकूंनी क्षणभर हिशेब केला. “म्हणजे तिकडं एकराच्याच पैशात चारशे झाडं जास्त केली की आम्ही.” कोणी द्राक्षबागाईतदार हे वाचत असेल तर तो म्हणेल, जवळ लावलेल्या झाडाचा पसारा कमी, त्यावर घडही कमी, झाडं वाढली म्हणून काम तेवढंच वाढत नाही. खरं आहे, आणि काकूंनाही ते ठाऊक होतं. तसं त्या म्हणाल्याही. पण भाव ठरवताना निदान बोलायला तोंड असावं, एवढंच त्यांना हवं होतं.

दोन तासांनी फॉर्म असा झाला. काका : कामावर शिकलेले. काकू : कामावर शिकलेल्या. मोठा : औपचारिक, आयटीआय. सून : औपचारिक, प्रमाणपत्र कोर्स, शिवाय आरी वर्क स्वतः शिकलेली. धाकटा : यावर आमचं गाडं अडलं, ते पुढे सांगते. हे प्रकार आमच्या डोक्यातून निघालेले नाहीत. केंद्र सरकारची नियतकालिक श्रमशक्ती पाहणी २०१७ पासून चालू आहे, तिच्या अनुसूचीत, म्हणजे प्रश्नावलीत, औपचारिक प्रशिक्षणाशेजारी वंशपरंपरेने, स्वतःहून, कामावर आणि इतर मार्गाने शिकलेल्यांसाठी वेगवेगळे संकेतांक आहेत. आम्ही फॉर्म सुटसुटीत करायच्या नादात ते सगळे एका ‘होय/नाही’त कोंबले होते. सुटसुटीतपणाचं खूळ फार वाईट. जुन्या नाशकातल्या तांबटाच्या घरी किंवा येवल्याच्या पैठणीच्या मागावर जाऊन आमचा तो प्रश्न विचारला असता, तर बापाशेजारी बसून ठोके शिकलेला मुलगाही ‘नाही’च म्हणाला असता.

२०२३-२४च्या आर्थिक पाहणी अहवालात याच श्रमशक्ती पाहणीचा २०२२-२३चा आकडा दिलाय : १५ ते २९ वयातल्या तरुणांपैकी ४.४ टक्क्यांनी औपचारिक प्रशिक्षण घेतलेलं, १६.६ टक्क्यांनी अनौपचारिक मार्गांनी. उरले ७९. पूर्वी मी हा आकडा भाषणात वापरायचे, तरुणांच्या हाताला कौशल्य नाही म्हणून. आकडा खोटा आहे असं आता मी म्हणणार नाही. त्यातले कितीतरी खरंच कोरे असतील. पण त्या ७९मध्ये आपल्या हाताला काय येतं ते ‘शिकलेलं’ न मानणारा एखादा हेल्पर आहे का, हे विचारल्याशिवाय मला तो आता उच्चारता येत नाही.

उलट बाजूची चूकही लगेच झाली. या घराची गोष्ट मी बैठकीत सांगितल्यावर दुसऱ्याच आठवड्यात पोरांनी आणलेल्या फॉर्मांवर ‘प्रशिक्षण नाही’ हा पर्याय जवळपास नाहीसा झाला. एकीने सासूच्या पुरणपोळ्यांना ‘वंशपरंपरागत’ लिहून आणलं. खोदून विचारलं की प्रत्येकाला काहीतरी येतंच, आणि मीही काकांना विचारताना काय सापडणार हे मनात धरूनच गेले होते. मग आम्ही दोन कसोट्या लावल्या : त्या कामाचे पैसे कधी मिळालेत का, किंवा मिळवायला ती व्यक्ती निघाली आहे का, आणि नवख्याला ते हाती यायला निदान काही आठवडे लागतात का. पुरणपोळीवाल्या आजी पहिल्या कसोटीत गळाल्या. शेजारच्या गल्लीतल्या ज्या काकू दिवाळीत ऑर्डरी घेतात त्या राहिल्या. कसोटी ढोबळ आहे, मान्य. स्वयंपाकाचं कसब पैसे मिळाल्यावरच कसब ठरतं, हे मला पटतं असंही नाही. पण रेषा कुठेतरी ओढायची होती.

धाकट्यावर मात्र एकमत झालं नाही. योजना सरकारी, नावात प्रशिक्षण, शेवटी प्रमाणपत्र. मग औपचारिकच, असं एकाचं म्हणणं. तो स्वतः म्हणतो काही शिकलो नाही, मग ‘नाही’, असं दुसरीचं. मी ‘होय, इतर’ लिहून शेऱ्यात त्याचं वाक्य जसंच्या तसं टाकलं. माहिती भरणाऱ्याने ते वाचून मला फोन केला, हे ठेवायचं का म्हणून. ठेव म्हटलं.

प्रश्नावलीचा क्रम आम्ही बदलला. आधी काम, मग ते कधीपासून, मग कोणाच्या हाताखाली, आणि प्रशिक्षण हा शब्द सगळ्यात शेवटी. बायकांची पानं त्यांच्याकडूनच, आणि विरळणी-डिपिंग संपेपर्यंत संध्याकाळी सातनंतर. फॉर्मांची रोजची संख्या अर्ध्यावर आली. संस्थेकडून विचारणा झाली. दोन जास्तीचे आठवडे मिळाले, पैसे मिळाले नाहीत.

आणि मूळ प्रश्न, कोणते वर्ग सुरू करायचे? पहिल्या फॉर्मांवरून कागदावर सरळ दिसत होतं : बायकांना काही येत नाही, म्हणजे शिवणक्लास. त्या वस्तीत शिवणक्लासची बाई शोधायला गेलात तर सुनेसारख्या चार जणी एका गल्लीत मिळतील. सुनेला विचारलं तेव्हा ती म्हणाली, शिवण नको, गिऱ्हाइकाकडून आगाऊ पैसे कसे मागायचे ते शिकवा. काकांना सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशिन, शिकायचं नव्हतं, “आता काय उपयोग,” पण लेथवर आपण काय काय करू शकतो याचा कोणीतरी परीक्षा घेऊन कागद दिला तर हवा होता. आधीच्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय सरकारी कौशल्य योजनांत आहे. ती त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती.

काकूंच्या ओळीत ‘काय शिकायला आवडेल?’ या प्रश्नापुढे पर्याय होते शिवणकाम, ब्युटी पार्लर, संगणक, रुग्णसेवा, इतर. मी ‘इतर’वर बोट ठेवलं आणि लिहायला लागले, “झाडांच्या अंतरावरून एकराला किती झाडं ते काढणं, उक्त्याचा भाव ठरवण्यासाठी.” रकान्यात तेवढी अक्षरं मावत नव्हती. सेव्ह केल्यावर उरलं ते “झाडांच्या अंतरावरून एक”. काकूंनी डोकावून विचारलं, झालं का लिहून? म्हटलं, थांबा, वहीत लिहिते.